आवाज कुणाचा? डब्याचा!

इंग्लंडमधल्या एखाद्या गावच्या हॉलवर लग्नाची पार्टी असली, की बँडवाले सामान उतरवण्याआधी भिंतीकडे बघतात. तिथे रस्त्यावरच्या सिग्नलसारखे तीन दिवे आहेत का, हे त्यांना पाहायचं असतं. असले, तर कपाळाला हात! छताला एक मायक्रोफोन टांगलेला असतो. आवाज ठरलेल्या मर्यादेत असला तर हिरवा दिवा, मर्यादेजवळ सरकला की पिवळा, ओलांडली की लाल. लाल दिवा काही सेकंद हटला नाही, की स्टेजवरच्या प्लगांची वीज खटकन जाते. गिटार मुकी, कीबोर्ड मुका, आणि गायक तोंड उघडं टाकून उभा. या डब्याला म्हणतात साउंड लिमिटर. शेजाऱ्यांनी ठेवलेला बिनपगारी वॉचमनच म्हणा ना.

या वॉचमनला गाणं कळत नाही, फक्त आवाजाचा दाब कळतो. केक कापल्यावरच्या टाळ्या-शिट्ट्या काय, दोन पेग पोटात गेलेल्या मामांची आरोळी काय, त्याला सगळं सारखंच. त्यामुळे तिथे बँडवाल्यांवर पाहुण्यांना ‘टाळ्या जरा बेतानं’ असं सांगायची पाळी येते. ड्रमरचा त्रास तर वेगळाच. ड्रमला वीज लागत नाही आणि जोर लावला तर छोट्या हॉलमध्ये तो सहज १०० डेसिबल गाठतो. म्हणजे लाल दिवा ड्रमर लावणार आणि वीज गिटारवाल्याची जाणार! आपल्या मंडळींनी असा हॉल गणपतीला घेतला, तर काय होईल याची कल्पना करा. ढोलाला प्लगच नसतो. डबा रागावून वीज तोडेल, ढोल घुमतच राहील आणि बंद पडेल फक्त आरतीचा माइक.

यावर बँडवाल्यांची जुनी युक्ती म्हणजे स्वयंपाकघरातून एक्स्टेन्शन ओढायची. डब्याचा ताबा स्टेजच्या प्लगांवर, फ्रिजच्या नाही! हॉलवालेही आता या युक्तीला पुरून उरलेत, ते सोडा.

दार उघडलं, गाणं पडलं

काही ठिकाणी डब्याची तार दारं-खिडक्यांपर्यंत नेलेली असते. चौकटीला चुंबकाचा छोटा सेन्सर. उकाडा होतोय म्हणून कुणी मागचं दार उघडलं, की आवाज आपोआप खाली येतो, नाहीतर वीजच जाते. मला हा प्रकार सर्वांत हुशारीचा वाटतो. शेजाऱ्याचं भांडण आत काय वाजतंय याच्याशी नसतंच, बाहेर काय येतंय याच्याशी असतं. आणि खरी गळती त्या उघड्या दारातूनच होते.

नव्या यंत्रांनी वीज तोडण्याचा आडदांडपणा सोडलाय. ती मिक्सर आणि अ‍ॅम्प्लिफायर यांच्या मधे बसतात आणि आवाज हळूच खाली ओढतात. इथे डेसिबलचं गणित त्यांच्या मदतीला येतं. ३ डेसिबल कमी केले, की स्पीकरला जाणारी वीज निम्मी होते, पण नाचणाऱ्यांना फारसा फरक जाणवत नाही. कानाला आवाज निम्मा वाटायला साधारण १० डेसिबल उतरावे लागतात, म्हणजे वीज दहाव्या हिश्श्यावर. थोडक्यात, चोरपावलांनी ३ डेसिबल काढून घेतले, तर डान्स फ्लोअरवर कुणाला पत्ता लागत नाही.

मीटर पास, शेजारी नापास

पण या कहाणीत एक खलनायक आहे: बेस. सबवूफरमधून येणाऱ्या ५० हर्ट्‌झच्या लहरीची लांबी जवळजवळ ७ मीटर. तिला तुमची भिंत म्हणजे किस झाड की पत्ती. शेजारच्या इमारतीत शब्द पोचत नाहीत, चालही पोचत नाही, पोचते ती फक्त धडधड. कपाटाच्या काचा थरथरतात आणि आजी म्हणतात, ‘माझ्या छातीत काहीतरी होतंय.’

आणि गोम पुढेच आहे. सगळीकडे चालणारं माप ‘डीबी-ए’. ते माणसाच्या कानाची नक्कल करतं, म्हणून खालच्या सुरांना कमी मार्क देतं. ५० हर्ट्‌झला तर तब्बल ३० डेसिबल वजा! म्हणजे ९५ डेसिबलची धडधड मीटरवर ६५ दिसते. आपल्याकडच्या २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत व्यापारी भागाची दिवसाची मर्यादा नेमकी ६५ आहे. झाला की नाही पेपर सुटला? फ्रान्सनं २०१७च्या फर्मानात १०२ ‘डीबी-ए’ची मर्यादा घातली आणि तिच्या जोडीला ११८ ‘डीबी-सी’चीही. दुसरं माप बेसला फारशी सूट देत नाही. हे नियम मुख्यतः श्रोत्यांच्या कानांसाठी असले, तरी शेजाऱ्यांनी दुवाच द्यावा.

डबा नसला की माणूस येतो

लंडनचं हाइड पार्क, १४ जुलै २०१२. ब्रूस स्प्रिंगस्टीननं तीन तासांहून जास्त गाऊन शेवटी पॉल मॅकार्टनीला स्टेजवर बोलावलं. दोघं रंगात आलेले, आणि वेळ संपली म्हणून आयोजकांनी माइक बंद केले. आभार मानायचेही राहिले! पुण्यात ३० एप्रिल २०२३ रोजी राजा बहादूर मिलच्या आवारात ए. आर. रहमान यांचा कार्यक्रम चालू असताना स्पीकर बंद करायचे रात्रीचे दहा वाजले, तेव्हा पोलीस अधिकारी थेट स्टेजवर चढले आणि मनगटावरच्या घड्याळाकडे बोट दाखवलं. याच दहाच्या ठोक्यानं सवाई गंधर्व महोत्सवाच्या रात्र-रात्र चालणाऱ्या मैफली घड्याळात बसवल्या. पहाटेची भैरवी ऐकलेले लोक अजून त्याबद्दल उसासे टाकतात.

माद्रिदच्या बर्नाबेऊ स्टेडियमला तर शेजाऱ्यांनी ‘टॉर्तुरोद्रोमो’ असं नाव ठेवलं, म्हणजे ‘छळाचं मैदान’. सप्टेंबर २०२४ मध्ये रेआल माद्रिदला तिथल्या मैफली थांबवाव्या लागल्या.

आपल्याकडे डब्याची भाषा थेट न्यायालयातच झाली. कुर्ल्याच्या नेहरूनगरमधल्या रहिवाशांच्या याचिकेवर जानेवारी २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं निकाल दिला. लाउडस्पीकर हा कोणत्याही धर्माचा अत्यावश्यक भाग नाही, असं न्यायालयानं सांगितलं. शिवाय आवाजाची मर्यादा यंत्रातच बसवून टाकण्याचा विचार सरकारनं करावा, असंही सुचवलं. म्हणजे भोंग्याच्या पोटातच लिमिटर. माझं मत विचाराल, तर पोलिसानं स्टेजवर चढण्यापेक्षा हे बरं. डब्याशी हुज्जत घालता येत नाही आणि ‘वरून फोन’ आला तरी तो उचलत नाही!

कोपनहेगनच्या तिवोली बागेत आणखी एक गंमत करून पाहिली आहे. श्रोत्यांच्या मागे जास्तीचे सबवूफर ठेवायचे आणि त्यांतून उलटी लहर सोडायची. बाहेर निघालेला बेस तिथेच बराचसा कापला जातो. आवाज मारायला आणखी आवाज. काट्यानं काटा!

पण सगळ्यांवर कडी केली गोव्यानं. दहानंतर उघड्यावर स्पीकर बंद, म्हणून काणकोणच्या पाळोळे किनाऱ्यावर हेडफोनच्या पार्ट्या सुरू झाल्या. डीजे वेगवेगळे, चॅनेल बदललं की हेडफोनवरचा दिवा रंग बदलतो. शेजारी-शेजारी नाचणारे दोघं वेगळ्याच गाण्यांवर असतात. तिथे हेडफोन काढून नुसतं उभं राहावं. आधी समुद्र ऐकू येतो. मग वाळूवरची पावलं. आणि मग कानात गाणं असल्यामुळे आपला आवाज ऐकू न येणारे दीडशे जण, तीन वेगवेगळी गाणी, मनसोक्त बेसूर गाताना. त्यांना लिमिटर कुठे लावणार?