कड्याच्या तोंडाशी बसलेला मकर
बुऱ्हाणपूरची चांदी आणि दागिन्यांतील पुराणप्राणी

चांदीचे जुने कडे पूर्ण वर्तुळ नसते. मनगटात किंवा घोट्यावर चढवता यावे म्हणून त्यात थोडी फट ठेवलेली असते, आणि पश्चिम व मध्य भारतातील अनेक कड्यांमध्ये याच फटीच्या दोन्ही बाजूंना उघड्या जबड्याची, वर वळलेल्या सोंडेची दोन मुखे समोरासमोर येतात. हा मकर. नदीतली मगर आणि पुराणातला मकर एक नव्हेत, कारण मकराच्या ठायी मगरीचा जबडा, हत्तीची सोंड आणि माशाचे शेपूट एकत्र आलेले असते. तो गंगेचे आणि वरुणाचे वाहन आहे, मदनाच्या ध्वजावरचे चिन्ह आहे, आणि पंढरीच्या विठ्ठलाच्या कानांतील मकरकुंडलांमुळे मराठी मनाच्या तर नित्य परिचयाचा आहे. कलेतिहासकार आनंद कुमारस्वामी यांनी यक्षांवरील आपल्या ग्रंथाच्या १९३१ साली निघालेल्या दुसऱ्या भागात मकराचा विचार जलतत्त्वाच्या संदर्भात केला. पाणी म्हणजे सुफलता, या भारतीय धारणेशी त्याचे नाते आहे.

मकर फटीपाशीच का, या प्रश्नाचे एक उत्तर कारागिरीत सापडते. कापलेल्या कांबीचे टोक धारदार असते, ते वस्त्रात अडकते आणि त्वचेला बोचते. म्हणून तिथे धातूचा गोलसर गठ्ठा हवा, आणि त्या गठ्ठ्याला मुख दिले की गरजेचेच रूप होते. दुसरे उत्तर श्रद्धेचे आहे. देवळाच्या तोरणाची दोन्ही टोके मकरमुखातून निघतात आणि शिखरबिंदूवर कीर्तिमुख, म्हणजे सिंहासारखे धडविरहित मुख, बसते, कारण प्रवेशाची जागा राखणीची असते. कड्याची फट हेही तसेच एक दार आहे. ही युक्ती एकट्या भारताची नाही. ब्रिटिश म्युझियममधील ऑक्सस खजिन्यात, इसवी सनापूर्वीच्या पाचव्या-चौथ्या शतकांतील इराणी घडणीच्या सोन्याच्या कड्यांवर, शिंगे आणि पंख असलेले ग्रिफिन नावाचे काल्पनिक पशू असेच टोकांना बसलेले आहेत.

तापीकाठच्या बुऱ्हाणपुरात या विषयाचा विचार करण्याला विशेष अर्थ आहे, कारण हे शहर शतकानुशतके चांदीच्या वाटेवर होते. सुरत बंदरातून येणारी चांदी येथून उत्तरेकडे आणि दक्षिणेकडे जाई, मोगल काळात येथे टांकसाळ चाले, आणि सतराव्या शतकातील फ्रेंच प्रवासी ताव्हर्निये याने येथून इराण, तुर्कस्तान, पोलंडपर्यंत जाणाऱ्या तलम वस्त्रांची नोंद केली. जरीसाठी लागणारी तारकशी हा येथील नामांकित धंदा होता: चांदीच्या कांबीवर सोन्याचा पत्रा चढवून ती उत्तरोत्तर बारीक होत जाणाऱ्या छिद्रांतून ओढायची, तार चपटी करायची आणि रेशमावर गुंडाळून कलाबतू तयार करायचा. उदगीरच्या लढाईनंतर १७६० मध्ये शहर मराठ्यांकडे आले. फारूकी सुलतानाने १५८९ च्या सुमारास उभारलेल्या येथील जामा मशिदीत संस्कृत शिलालेखही आहे. भाषा आणि चिन्हे परस्परांच्या घरी वावरत होती, याचा तो दगडी पुरावा होय.

सोने ही लक्ष्मी मानली जात असल्याने ते कमरेखाली घालू नये, असा संकेत आहे. त्यामुळे तोडे, वाळे, पैंजण आणि जोडवी चांदीचीच राहिली, आणि निमाड-खानदेशातील शेतकरी, भिल्ल व कोरकू घरांत तर चांदी हीच बचत होती. या चांदीत मकर एकटा नाही. पायाच्या बोटांतली मासोळी मत्स्याची आठवण ठेवते, दंडावरची वाकी नागाच्या वळणाची असते, आणि देवघरातल्या प्रभावळीवर मकर व कीर्तिमुख एकत्र नांदतात.

या प्राण्यांना जिवंतपणा येतो तो घडणीतून. भरीव मुख मेणाचा नमुना वितळवून केलेल्या साच्यात ओततात. पोकळ मुख पत्रा ठशावर ठोकून उठवतात आणि आत लाख भरतात. आयाळीसाठी तारेचा पीळ, डोळ्यासाठी रवा म्हणजे चांदीचा बारीक मणी डाकतात. हवेतील गंधकाच्या संयुगांमुळे चांदी काळवंडते, उंचवटे वापराने उजळ राहतात, पण खोलगट रेषांत तो काळेपणा टिकतो आणि त्यामुळेच खवला खवल्यापासून, दात दातापासून वेगळा दिसतो. म्हणून जुन्या कड्याला चकचकीत उजाळा देणे म्हणजे मकराचे डोळे पुसणे होय.

याहून मोठा धोका मुशीचा आहे. सराफाकडे जुना दागिना मोडीत जातो तेव्हा वजनातून घट वजा होते, लाखेचे वजन काढून टाकले जाते, आणि घडणावळीचे काहीच येत नाही. म्हणजे धातू परत मिळतो, पण ठसा, हात आणि कल्पना यांची किंमत शून्य ठरते. घरची अडचण भागवण्यासाठी चांदी मोडावी लागणे यात दोष कुणाचाही नाही, ती त्यासाठीच साठवलेली असते. मात्र मोडण्यापूर्वी त्या कड्याचे छायाचित्र, वजन, घरातले त्याचे नाव आणि ते कुणी कोणत्या प्रसंगी घातले याची चार ओळींची नोंद ठेवणे कुणालाही शक्य आहे. ९६१ अंश सेल्सिअसला चांदी वितळते, आणि त्या क्षणी समोरासमोर बसलेल्या दोन मकरांमधली फट कायमची बुजते.