दोन मैत्रिणी, चार कान आणि हुरडा

सशाचे कान लावून एका तालात पाय उचलणाऱ्या दोन मुली: 👯. मैत्रिणींच्या ग्रुपवर ही जोडी उमटली की समजायचं, कसलातरी बेत शिजतोय.

गंमत म्हणजे, 2010 साली इमोजींची यादी ठरवणाऱ्या युनिकोडने हे चिन्ह घेतलं तेव्हा त्याच्या अधिकृत नावात बाई एकच होती. ॲपलने मात्र दोघी काढल्या. गूगलच्या जुन्या चित्रात एकटीच. म्हणजे एका फोनवरून जोडी निघायची आणि दुसऱ्या फोनवर एकटीच पोचायची! शेवटी जोडीच जिंकली. 2016 मध्ये पुरुषांचीही जोडी आली.

कान आले जपानी 'बनी गर्ल'कडून आणि तिच्याकडे ते आले 1960 साली शिकागोत उघडलेल्या प्लेबॉय क्लबच्या वेट्रेसकडून. आजच्या मुलींना त्या क्लबशी काही देणंघेणं नाही. 'तू तिथं मी', 'चल, धमाल करू' असे आपले अर्थ त्यांनी त्यात भरले, आणि मला त्यांचं हेच फार आवडतं.

दोस्ताला निरोप धाडायची हौस आमच्या नगरला, म्हणजे अहमदनगरला, जुनीच. 1942 साली इथल्या भुईकोट किल्ल्यात कैदेत असलेले मौलाना आझाद पहाटे उठून चहा करत आणि मित्र हबीबुर्रहमान शेरवानींना पत्रं लिहीत. पत्रं टपालात पडणार नव्हती, तरी चहाची चव ते मन लावून सांगत. पुढे 1946 मध्ये त्या पत्रांचं 'गुबार-ए-खातिर' हे पुस्तक झालं.

आता जिल्ह्याचं नाव अहिल्यानगर, आणि इथली खरी पार्टी हुरड्याची. थंडीत शेताच्या बांधावर आगटी पेटते, गोवऱ्यांच्या निखाऱ्यात ज्वारीची हिरवी कणसं खुपसतात. भाजलेलं कणीस गरमागरम हातावर चोळायचं, फुंकर मारून कोंडा उडवायचा, की मऊ, गोडसर दाणे तळहातावर! सोबत शेंगदाण्याची चटणी, गूळ, दही. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने तर खास हुरड्यासाठी 'फुले उत्तरा' आणि 'फुले मधुर' असे वाण काढलेत.

तेव्हा ग्रुपवर 'हुरडा?' लिहून पुढे ही 👯 जोडी टाकाच, पण शेतकऱ्याला आधी फोन करा. कणसं हुरड्यात असतात ते दिवस मोजकेच. दाणा टणक झाला की बेत थेट पुढच्या वर्षावर.