कारखान्याचा पत्ता कोण ठरवतं?

मुलांनो, आज एक खेळ खेळू या. समजा, तुम्हाला एक छोटा कारखाना काढायचा आहे. काम काय, तर मोटारसायकलच्या सुट्या भागांवर निकेल-क्रोमचा चकचकीत मुलामा चढवायचा. याला इलेक्ट्रोप्लेटिंग म्हणतात. भोसरी-पिंपरीकडे राहणाऱ्या वाचकांपैकी कुणाचे बाबा नाहीतर काका हेच काम करत असतील. आता सांगा, शेड कुठे घ्याल?

"जिथे भाडं कमी, तिथे!" बरोबर आहे. पण जरा थांबा. आधी तुमच्या कारखान्याचा रंग कोणता, ते बघायला हवं.

रंग भिंतीचा नाही बरं का! कोणता उद्योग हवा-पाणी किती बिघडवू शकतो, त्यावरून केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळ त्याला लाल, नारिंगी किंवा हिरव्या गटात घालतं. २०१६ मध्ये त्यात पांढरा गटही आला. फळ्यावरचे खडू साच्यात ओतणं, सायकली जोडणं ही कामं पांढऱ्या गटातली. तुमचं इलेक्ट्रोप्लेटिंग मात्र लाल! म्हणजे उभारणीआधी एकदा आणि सुरू करण्याआधी पुन्हा एकदा महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमती घ्यायची.

एवढी कडक शिस्त का? तर मुलामा चढवलेला भाग दर वेळी पाण्यात धुवावा लागतो. त्या पाण्यात क्रोमियम, निकेल आणि आम्ल उतरतं. क्रोमियमचं एक रूप तर फारच विषारी. रसायन घालून ते आधी कमी घातक रूपात आणायचं, मग चुना टाकून त्याचा गाळ खाली बसवायचा. आणि हा गाळ कचराकुंडीत टाकायचा नाही! घातक कचऱ्यासाठी रांजणगावला वेगळं केंद्र आहे, तिथे पाठवायचा.

खरी अडचण इथेच येते. मोठ्या कंपनीला असा प्रक्रिया प्रकल्प परवडतो, पण चार कामगारांच्या शेडला? तोच खर्च तिच्या मानेवर बसतो. म्हणून अशा लहान कारखान्यांसाठी एकत्र सांडपाणी शुद्ध करणारं सामूहिक केंद्र लागतं. ते जवळ नसेल, तर नियम पाळायची इच्छा असलेला माणूसही अडतो.

आता नकाशा उघडा. पिंपरी-चिंचवडच्या मधून पवना वाहते, दक्षिणेला मुळा, उत्तरेला इंद्रायणी. जाल तिकडे नदी! राज्य सरकारने २००० साली नद्यांसाठी एक धोरण आणलं. नदीपासून ठरावीक अंतरात कारखाने नकोत, आणि लाल गटाने आणखी लांब राहायचं. उद्योजक म्हणू लागले की यामुळे चांगल्या जागा अडून पडतात. २०१५ मध्ये सरकारने ते धोरण रद्द केलं. प्रदूषणाचे बाकीचे कायदे राहिले, पण अंतराची ती रेघ पुसली गेली. मला विचाराल तर रेघ पुसायची घाई झाली. अलीकडच्या वर्षांत आळंदीला इंद्रायणीवर पांढरा फेस तरंगताना तुमच्यापैकी काहींनी पाहिलाच असेल.

याच इंद्रायणीच्या अलीकडे चिखली-कुदळवाडी आहे. भंगार, प्लॅस्टिक, पत्रा, लहानसहान कारखाने. परवानगीशिवाय उभी राहिलेली एक वस्तीच म्हणा ना. फेब्रुवारी २०२५ मध्ये महापालिकेने तिथली चार हजारांहून अधिक बांधकामं पाडली. बांधकामं अनधिकृत आहेत, हवा-पाणी बिघडतं, वारंवार आगी लागतात, अशी कारणं होती. ती खोटी नव्हती. पण तिथे राबणाऱ्यांची रोजीरोटी एका आठवड्यात गेली, हेही खरंच. आणि भंगार तर रोज निघतच असतं! एका जागेवरून उठलेलं काम दुसऱ्या कुठल्या तरी गावच्या माळावर जाऊन बसतं. तिथे कुणाची विहीर असेल?

मग चाकण वाढलं ते असंच का? नाही हं. इंद्रायणी आणि भामा यांच्या मधल्या त्या भागात मोकळी जमीन होती, नाशिकचा रस्ता होता. शिवाय शहराच्या हद्दीबाहेर जकात नव्हती (ती पिंपरी-चिंचवडमध्ये २०१३ पर्यंत होती). बजाजचा कारखाना तिथे १९९९ मध्ये आला, फोक्सवॅगनचा २००९ मध्ये. पर्यावरणाचा नियम हे अनेक कारणांतलं एक असतं, एकटं क्वचितच.

कधी कधी मात्र हाच नियम कारखाना परतही आणतो. आकुर्डीला बजाजची 'चेतक' स्कूटर बनायची. आजोबांना विचारा, नंबर लावून वर्षानुवर्षं वाट बघावी लागायची! २००७ मध्ये तिथलं गाड्यांचं उत्पादन थांबलं. पुढे धुराचे नियम कडक झाले, विजेवरच्या गाड्यांना सरकारी सवलती मिळू लागल्या, आणि जून २०२२ मध्ये त्याच आकुर्डीत विजेवरची चेतक बनवणारा कारखाना सुरू झाला.

तर, सापडली का तुमच्या शेडला जागा? पुढच्या वेळी एमआयडीसीतून बसने जाल, तेव्हा कारखान्यांच्या फाटकांकडे नीट बघा. घातक कचरा निर्माण करणाऱ्या कारखान्याने आपल्या रसायनांची, सांडपाण्याची आणि कचऱ्याची माहिती फाटकाबाहेर फलकावर लिहावी, असा सर्वोच्च न्यायालयाचा २००३ सालचा आदेश आहे. फलक सापडला तर त्यावरची तारीख वाचा. आकडे या वर्षीचे आहेत की जुनेच, ते वहीत लिहून ठेवा.