गाडी मुलाची, पण कागद कोणाच्या नावावर?

आजचा विषय आहे घरातल्या तरुण मुलाची किंवा मुलीची पहिली गाडी आणि तिचा विमा.

बचतगटाच्या बैठकीत कर्जाची कारणं पूर्वी ठरलेली असायची. शिलाई मशीन, म्हैस, शाळेची फी, घराचं छप्पर. आता आमच्या दापोड्यात "पोराला गाडी घ्यायचीय" हेही कारण येऊ लागलंय. यात नवल काही नाही. मानकोलीपासून अंजूरफाट्यापर्यंत रस्त्याच्या दोन्ही अंगांना गोदामं आहेत आणि आपली मुलं तिथेच कामाला जातात. पाळी रात्री उशिरा सुटते. कंटेनर-ट्रेलरच्या गर्दीत मुलगा दुचाकीवर असला, की तो घरी येईपर्यंत आईचा डोळा लागत नाही.

आमच्या गटातल्या एका ताईंनीही असाच अर्ज केला. आम्ही विचारलं, "गाडी कोणाच्या नावावर घेणार?" त्या म्हणाल्या, "माझ्याच की! कर्ज मी फेडणार, गाडीही माझीच राहू दे." आम्हाला सगळ्यांना ते पटलं. पुढच्या बैठकीआधी आम्ही विम्याचा कागद ओळ न् ओळ वाचला आणि आपण किती चुकत होतो ते कळलं. ते सगळं आज सांगतो.

आधी गाडी निवडण्याबद्दल. नव्या चालकाला लहान गाडी बरी. पेट्रोलची, हजार सीसीच्या आतबाहेरची, गल्लीत वळेल अशी. वॅगन आर, अल्टो के१०, क्विड, टियागो ही त्यातली ओळखीची नावं. जुनी घेत असाल तर ती कधी बनली ते बघा. १ जुलै २०१९ पासून चालकासमोरची एअरबॅग, सीटबेल्टची सूचना आणि वेग वाढल्यावर वाजणारी घंटी कारमध्ये सक्तीची झाली. चालकाशेजारच्या सीटची एअरबॅग २०२१ च्या अखेरीस सर्व नव्या कारना सक्तीची झाली. म्हणून २०२२ ची किंवा त्यानंतरची गाडी परवडत असेल तर तीच घ्या. चकचकीत रंग आणि मोठा स्पीकर यांच्यापेक्षा दोन एअरबॅग आणि चांगले टायर महत्त्वाचे. नव्या गाडीला भारत एनकॅपचे किती तारे आहेत तेही विचारा. ही चाचणी ऑक्टोबर २०२३ पासून सुरू झाली आहे.

जुनी गाडी घेताना ओळखीचा मेकॅनिक सोबत न्या आणि कागद स्वतः बघा. एमपरिवहन ॲपवर नंबर टाकला की नोंदणी, विम्याची मुदत आणि बँकेचा बोजा आहे का ते दिसतं. बोजा असेल तर बँकेची ना-हरकत आणि फॉर्म ३५ मिळाल्याशिवाय पैसे देऊ नका. ई-चलन बाकी असेल तर ते विकणाऱ्याकडून भरून घ्या. सीएनजी किट मागाहून बसवलेलं असेल तर त्याची नोंद आरसी बुकात आणि विम्यातही हवी. नाहीतर नुकसानभरपाई मागताना अडचण येते.

फॉर्म २९ आणि ३० भरून गाडी नावावर करून घ्यायला टाळाटाळ करू नका, आणि १४ दिवसांच्या आत विमा कंपनीलाही कळवा. विकणाऱ्यानेही हे जपायचं आहे. २०१८ मध्ये नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की गाडी विकली तरी आरटीओच्या नोंदीत ज्याचं नाव आहे तोच मालक आणि भरपाईची जबाबदारी त्याचीच. तेव्हा गाडीसाठी घरची जुनी स्कूटर विकणार असाल तर ती आधी दुसऱ्याच्या नावावर होऊ द्या.

आता विमा. त्याचे दोन भाग असतात. पहिला थर्ड पार्टी, म्हणजे आपल्या गाडीने दुसऱ्याचं नुकसान झालं तर त्याची भरपाई. हा मोटार वाहन कायदा, १९८८ प्रमाणे सक्तीचा आहे. माणूस जखमी झाला किंवा दगावला तर न्यायाधिकरण जी रक्कम ठरवेल ती कंपनी भरते, तिला वरची मर्यादा नाही. दुसऱ्याच्या मालमत्तेच्या नुकसानीला साडेसात लाखांपर्यंत मर्यादा आहे. हा विमा नसेल तर पहिल्या वेळी २,००० रुपये दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. पण दंड ही लहान गोष्ट. अपघातातल्या माणसाची लाखांची भरपाई मालकाला स्वतः भरावी लागते. त्यात घर, जमीन, दागिने सगळं पणाला लागतं.

याचा हप्ता सरकार ठरवतं, कंपनी नाही. जून २०२२ पासून लागू झालेल्या दरांप्रमाणे हजार सीसीपर्यंतच्या खासगी कारला वर्षाला २,०९४ रुपये आणि हजार ते दीड हजार सीसीला ३,४१६ रुपये, वर जीएसटी. चालक एकोणीस वर्षांचा आहे म्हणून हा दर वाढत नाही. नवी कार घेताना मात्र तीन वर्षांचा थर्ड पार्टी विमा एकदम घ्यावा लागतो. तो खर्च शोरूमच्या किमतीत धरलेला नसतो, म्हणून गाडी रस्त्यावर येईपर्यंतची पूर्ण किंमत विचारा.

दुसरा भाग आपल्याच गाडीच्या नुकसानीचा. चोरी, आग, धडक, पूर हे त्यात येतं. कर्जावर गाडी असेल तर बँक हा भाग मागतेच. इथे आयडीव्ही हा शब्द लक्षात ठेवा. गाडी चोरीला गेली किंवा पार निकामी झाली तर जास्तीत जास्त तेवढीच रक्कम मिळते. हप्ता कमी दिसावा म्हणून काही एजंट आयडीव्ही खाली आणतात. तसं होऊ देऊ नका. प्लास्टिक आणि रबराच्या भागांचे निम्मेच पैसे मिळतात. पूर्ण हवे असतील तर झिरो डेप्रिसिएशन जोडून घ्यावं लागतं. पावसात कामवारीचं पाणी भिवंडीत शिरतं हे आपल्याला ठाऊक आहे. पाण्यात उभी गाडी चालू करायला गेलो आणि इंजिन बिघडलं, तर साध्या पॉलिसीत ते बहुधा मिळत नाही. त्यासाठी इंजिन प्रोटेक्ट वेगळं असतं. पाण्यात अडकलेल्या गाडीला चावी न लावता टोइंग बोलवावं.

आता त्या ताईंच्या प्रश्नाकडे येऊ. विम्यात तिसरी एक गोष्ट असते, ती म्हणजे मालक-चालकाचा वैयक्तिक अपघात विमा, १५ लाखांचा. मालक स्वतः गाडी चालवताना गेला किंवा कायमचा अपंग झाला तर हा मिळतो. अट अशी, की मालकाकडे चालू लायसन्स हवं. ताईंकडे लायसन्स नाही, त्यामुळे हे कवच त्यांना लागूच होत नाही. आणि मुलगा मालक नाही, त्यामुळे त्यालाही नाही. थर्ड पार्टीतून तरी मिळेल, असं आम्हाला वाटलं होतं. पण सर्वोच्च न्यायालयाने २००९ च्या निंगम्मा प्रकरणात म्हटलंय, की दुसऱ्याची गाडी मागून चालवणारा हा मालकाच्याच जागी येतो. मग स्वतःच्या चुकीने त्याला अपघात झाला तर तो थर्ड पार्टी ठरत नाही. म्हणजे ज्या मुलाच्या काळजीने गाडी घ्यायची, तोच विम्याबाहेर राहतो.

उपाय अवघड नाही. मुलगा अठराच्या वर असेल आणि पक्कं लायसन्स हातात असेल तर गाडी त्याच्या नावावर घ्या, आईने सहकर्जदार व्हावं. काही कारणाने गाडी आईच्याच नावावर ठेवायची असेल तर मुलासाठी वेगळी वैयक्तिक अपघात पॉलिसी काढा. शिवाय प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजना आहेच, वर्षाला २० रुपयांत दोन लाखांची, १८ ते ७० वयापर्यंत, आपल्या बँक खात्यातूनच.

मुलांना तीन गोष्टी बजावून सांगा. लायसन्स नसलेल्या मित्राच्या हाती चावी द्यायची नाही. तसं झालं तर कंपनी जखमीला पैसे देईल, पण नंतर ते मालकाकडून वसूल करू शकते. दारू पिऊन चालवलं तर आपल्या गाडीचे पैसे मिळणार नाहीत. आणि पांढऱ्या पाटीची गाडी भाड्याने चालवायची नाही. गोदामातले कामगार ने-आण करून चार पैसे मिळतील, पण खासगी गाडीच्या विम्यात भाड्याची वाहतूक बसत नाही. अठराच्या आतल्या मुलाला तर गाडी देऊच नका. त्याने गुन्हा केला तर पालकाला २५,००० रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

विम्याची मुदत संपायच्या आधी नूतनीकरण करा. भरपाई न मागता वर्ष गेलं तर स्वतःच्या नुकसानीच्या हप्त्यात २० टक्के सूट मिळते, ती वाढत ५० टक्क्यांपर्यंत जाते. मुदत संपून ९० दिवस उलटले तर ही सगळी सूट जाते. आम्ही गटाच्या वहीत आता प्रत्येक सभासदाच्या गाडीची विम्याची तारीख लिहून ठेवतो आणि त्याच्या आदल्या महिन्याच्या बैठकीत आठवण करतो.

ताईंचं कर्ज मंजूर झालं. मुलाने आधी पक्कं लायसन्स काढलं, त्यात दोन महिने गेले. गाडी त्याच्या नावावर आहे, हप्त्याचा हिशेब ताईंच्या हातात आहे. तुमच्या घरी गाडी असेल तर आज एवढंच करा. आरसी बुक आणि पॉलिसी शेजारी शेजारी ठेवा, आणि नाव कोणाचं, मुदत कधीपर्यंत, वैयक्तिक अपघाताचा रकाना भरलाय का, हे बघा. कळलं नाही तर कागद घेऊन बैठकीला या, आपण एकत्र बसून वाचू.