लोणंदच्या तळावरची शिस्त

एरवी लोणंद म्हणजे कांद्याची बाजारपेठ. पण ज्ञानेश्वर महाराजांची पालखी आली की बाजार मागे पडतो. नीरेत माऊलींच्या पादुकांना स्नान घालून सोहळा पाडेगावला सातारा जिल्ह्यात शिरतो आणि लोणंदला विसावतो. सातारकर त्याचं आगतस्वागत जरा जास्तच हक्कानं करतात, कारण सोहळा बसवून देणारे हैबतबाबा याच जिल्ह्यातल्या आरफळचे.

तुकोबांचे चिरंजीव नारायण महाराज यांनी 1685 मध्ये देहूहून पालखी सुरू केली, तेव्हा ज्ञानोबा-तुकोबांच्या पादुका एकत्रच निघत. 1832 च्या सुमारास हैबतबाबांनी माऊलींचा सोहळा वेगळा काढला. अंकलीच्या शितोळे सरकारांनी घोडे आणि तंबू दिले. आजही अश्व तिथूनच येतात. हैबतबाबा ग्वाल्हेरच्या शिंद्यांच्या पदरी होते. त्यांच्या भक्तीबद्दल पुष्कळ लिहिलं जातं, पण मला त्यांच्यातला लष्करी माणूस जास्त दिसतो. पुढे अश्व, मग दिंड्या, मग रथ, पुन्हा दिंड्या. कोणाची जागा कुठे, हे ठरलेलं. आता लाखो माणसं चालतात, तरी सांगाडा तोच आहे.

सगळ्यांसाठी मिळून एक मुदपाकखाना नाही. दिंडीचा वीणेकरी, पखवाजी, टाळकरी आपापले. भिशी भरायची ती दिंडीतच. सामानाचा ट्रक पुढे जातो, राहुट्या ठोकून स्वयंपाकाला लागतो. नवी दिंडी येते ती स्वतःचा शिधा घेऊनच, म्हणून वाढीचा भार एकावर पडत नाही. भक्तिपंथ वाढवायची दुसरी रीत इस्कॉनची: 1966 मध्ये न्यूयॉर्कला तिची रीतसर संस्था म्हणून नोंदणी झाली आणि तिथून ती जगभर गेली. वारकऱ्याला मात्र तसल्या नोंदणीची गरज नाही; माळ, एकादशी आणि वारी पुरते. परदेशातली मराठी मंडळंही आषाढीला दिंडी काढतात. पण टाळ-मृदंग तिकडे पोचले, तळ नाही पोचला.

तळावरची समाजआरती पाहावी. पालखी येते, भोवती दिंड्या उभ्या राहतात, टाळांचा नुसता कल्लोळ. चोपदार चोप उंचावतो आणि सगळं गप्प. एखाद्या दिंडीचा टाळ मात्र वाजतच राहतो. याचा अर्थ तक्रार आहे: पाण्याचा टँकर आला नाही, नाहीतर चालताना कोणी क्रम मोडला. चोपदार तिकडे जातो, ऐकून घेतो, निवाडा होतो. मग हरवल्या-सापडल्याची पुकार, उद्या निघायची वेळ आणि आरती. अर्ज नाही, तारीख नाही. सरकारी कचेऱ्यांनी इथे एक संध्याकाळ काढायला हरकत नाही.

लोणंदहून तरडगावला जाताना चांदोबाचा लिंब इथे पहिलं उभं रिंगण होतं. दिंड्या दुतर्फा उभ्या राहतात. मधून जरीपटका घेतलेला स्वार आणि माऊलींचा स्वाराविना घोडा धावतात. घोडे पुढे गेले की टापांखालची माती कपाळाला लावायला जी झुंबड उडते, तिथे चोपाला कोण विचारतो!