समाजमाध्यमे आणि विपत्र

सौंसर तालुक्यातील रामाकोना हे गाव २०२३ पासून मध्य प्रदेशाच्या पांढुर्णा जिल्ह्यात मोडते. राज्याची राजधानी भोपाळ. मराठीचा ओढा मात्र नागपूरकडे. अशा सीमाभागातील शिक्षकास आपला लेख महाराष्ट्रातील एखाद्या नियतकालिकाकडे धाडावयाचा झाल्यास व्हॉट्सॲप हाताशी असतेच. मग ई-मेलची, म्हणजे विपत्राची, उठाठेव कशाला, अशी पृच्छा कोणी केल्यास ती अनाठायी म्हणता येणार नाही.

तिचे उत्तर विपत्राच्या घडणीतच आहे. विपत्र ही कोणा एका कंपनीची मालमत्ता नसून तो सर्वांस खुला असलेला एक संकेत आहे. १९७१ मध्ये रे टॉमलिन्सन यांनी व्यक्तीचे नाव आणि तिच्या संगणकाचे नाव यांच्यामध्ये ‘ॲट’ हे चिन्ह योजिले. पुढे १९८२ मध्ये जॉन पोस्टेल यांनी प्रेषणाचे नियम लेखनिविष्ट केले. त्यांत सुधारणा झाल्या, तरी गाभा तोच राहिला. चिन्हापुढील नाव पाहून पाठविणारा संगणक सार्वजनिक नोंदींतून घेणाऱ्याचे टपालघर शोधतो. म्हणूनच एका कंपनीच्या ग्राहकाचे पत्र दुसरीच्या ग्राहकास बिनदिक्कत पोहोचते. समाजमाध्यमाचे तसे नाही. तेथे घर, दार आणि किल्ली ही सारी एकाच मालकाची.

मालकाने घर मोडले की काय होते, हे ऑर्कुटने दाखविले. भारतात एके काळी अतिशय लोकप्रिय असलेले हे माध्यम गूगलने ३० सप्टेंबर २०१४ रोजी बंद केले. तेथील मराठी समूहही उठले. गूगल प्लसची तीच गत २०१९ मध्ये झाली. त्याच कंपनीची विपत्रसेवा मात्र चालू राहिली.

अर्थात विपत्रही अमरपट्टा घेऊन आलेले नाही. दोन वर्षे न वापरलेली वैयक्तिक खाती काढून टाकण्याचे धोरण गूगलने डिसेंबर २०२३ पासून अंमलात आणले. तेव्हा हस्तलिखिताची व महत्त्वाच्या पत्रव्यवहाराची प्रत आपल्या संगणकावर उतरवून ठेवणे अगत्याचे आहे. मजकूरही युनिकोडमध्येच लिहावा. कृतिदेवसारख्या जुन्या टंकात लिहिलेला लेख, तो टंक नसलेल्या संगणकावर, निरर्थक रोमन अक्षरांचा ढीग होऊन बसतो. (संपादकांनी हे पुष्कळ सोसले आहे!)

विपत्राचा पत्तासुद्धा देवनागरीत असावा, यासाठीचे नियम २०१२ मध्येच सिद्ध झाले आणि ‘.भारत’ हे क्षेत्रनाम २०१४ मध्ये खुले झाले. तथापि अनेक संकेतस्थळांवरील आवेदनपत्रे असा पत्ता आजही चुकीचा ठरवून परत करतात.