बाळंतिणीचं ताट आणि बाळाचं पोट

दिवेलागण झाली की काही तान्ही बाळं रडायला लागतात ती थांबतच नाहीत. मुठी आवळलेल्या, पाय पोटाशी घेतलेले, चेहरा लालबुंद. पाजून झालं, दुपटं बदलून झालं, खांद्यावर घेऊन येरझाऱ्या घालून झाल्या. मग कुणी मीठमोहऱ्या ओवाळून दृष्ट काढतं, कुणी बेंबीभोवती हिंग लावतं, आणि शेवटी सगळ्यांचा मोर्चा आईकडे वळतो: "दुपारी काय खाल्लं होतंस गं?"

डॉक्टर याला 'कोलिक' म्हणतात. एरवी ठणठणीत असलेलं बाळ दिवसाला तीन तासांहून जास्त, आठवड्यात तीन दिवसांहून जास्त आणि तीन आठवड्यांहून अधिक काळ रडत असेल तर तो कोलिक, अशी व्याख्या मॉरिस वेसल या अमेरिकन बालरोगतज्ज्ञाने १९५४ मध्ये केली. हे रडणं संध्याकाळी वाढतं, साधारण सहाव्या आठवड्यात कळस गाठतं आणि तीन-चार महिन्यांत आपोआप ओसरतं. सहावा आठवडा म्हणजे आपला सव्वा महिना. त्या सुमारास आईचा कोबी बंद केला, तर पुढच्या काही आठवड्यांत बाळाला 'गुण' येणारच; कोबी चालू ठेवला असता तरी बहुधा आला असता. कोबी, वाल, पावटे, हरभऱ्याची डाळ यांच्यावरचा 'वातूळ' हा शिक्का पिढ्यान् पिढ्या टिकला, त्यात या योगायोगाचा वाटा मोठा असावा.

डाळी-कडधान्यांमधल्या न पचलेल्या पिष्टमय पदार्थांवर आईच्या मोठ्या आतड्यातले जिवाणू ताव मारतात आणि वायू तयार होतो. तो आईला त्रास देईल, पण दुधात उतरून बाळाच्या पोटात जात नाही. दुधात येतं ते रक्तातून: चव-गंधाची द्रव्यं, कॅफीन, प्रथिनांचे सूक्ष्म अंश. लसणाचा वास दुधात उतरतो हे खरं आहे. पण १९९१ मध्ये अमेरिकेत मेनेला आणि बोशाँ यांनी मातांना लसणाच्या कॅप्सूल दिल्या, तेव्हा त्या वासाच्या दुधाला बाळं अधिक वेळ चिकटून राहिली! चहा-कॉफीचं मात्र सांभाळावं. दुधात कॅफीन थोडंच येतं, पण नवजात बाळाच्या शरीरातून ते बाहेर पडायला मोठ्या माणसापेक्षा कितीतरी पट वेळ लागतो.

खरा संशयित पदार्थ तोच, ज्याचा बाळंतिणीला सर्वांत जास्त आग्रह होतो. "दूध पी, म्हणजे दूध येईल" असं म्हणत सकाळ-संध्याकाळ पेले पुढे केले जातात. गाईच्या दुधात बीटा-लॅक्टोग्लोब्युलिन नावाचं प्रथिन असतं. मानवी दुधात ते मुळात तयार होत नाही, पण आई गाईचं दूध प्यायली तर अत्यल्प प्रमाणात तिच्या दुधात सापडतं. स्वीडनमधल्या माल्मो इथे याकॉब्सन आणि लिंडबर्ग यांनी कोलिक असलेल्या ६६ स्तनपान करणाऱ्या बाळांच्या आयांचं गाईचं दूध बंद केलं. ३५ बाळांचा त्रास थांबला, आणि आयांनी दूध पुन्हा घेतल्यावर त्यांतल्या २३ जणांचा परत सुरू झाला. हे १९८३ मध्ये प्रसिद्ध झालं. २००५ मधल्या मेलबर्नच्या प्रयोगात दूध, अंडी, गहू, शेंगदाणे, सुकामेवा, सोया आणि मासे इतकं सगळं वर्ज्य केलेल्या गटात ७४ टक्के बाळांचं रडणं बऱ्यापैकी कमी झालं. पण नेहमीचं खाणाऱ्या गटातही ३७ टक्क्यांचं झालं! पुढे २०१८ मध्ये वैद्यकीय पुराव्यांचा आढावा घेणाऱ्या कॉक्रेन या संस्थेच्या परीक्षकांनी असे प्रयोग एकत्र तपासले आणि पुरावा अजून तोकडा असल्याचा निर्वाळा दिला.

म्हणजे दूध हे कारण काहीच बाळांच्या बाबतीत असतं. शौचात रक्ताचे धागे, अंगावर चट्टे किंवा घरात ॲलर्जीचा इतिहास असेल तर संशय बळावतो. अशा वेळी डॉक्टरांच्या सल्ल्याने दोन ते चार आठवडे दूध, दही, ताक, पनीर, खवा बंद करून पाहावा. गाईऐवजी म्हशीचं दूध घेऊन भागत नाही. दोन्हींची प्रथिनं फार मिळतीजुळती आहेत. कॅल्शियमसाठी नाचणी आणि तीळ आहेतच, गरज पडल्यास डॉक्टर गोळ्याही देतील. नंतर दूध पुन्हा सुरू करून पाहायचंच. ही पायरी बहुतेक घरांत गाळली जाते आणि पथ्य वर्षभर चालू राहतं. आणखी एक गैरसमज दूर करायला हवा: आईने दूध सोडल्याने तिच्या दुधातली लॅक्टोज ही साखर कमी होत नाही, ती शरीर स्वतःच बनवतं.

अंगावर पाजणाऱ्या आईला पहिल्या सहा महिन्यांत रोज सुमारे ६०० उष्मांक जास्त लागतात. मऊ भात, तूप आणि मेथकूट यांवर ती भूक भागत नाही. तेव्हा पावट्याची उसळ तिला खुशाल वाढा. बाळाला मात्र मध चाटवू नका. वर्षाच्या आत त्यातून बोट्युलिझम हा गंभीर आजार होऊ शकतो. आणि ताप, हिरवी उलटी, शौचात रक्त किंवा वजन न वाढणं यांपैकी काही दिसलं, तर आईच्या जेवणाची चौकशी करत न बसता बाळाला थेट डॉक्टरांकडे न्या.